मूल बरोबर घेऊन जर्मनीत शिकायला जाताना

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये आता नोकरीची काही वर्षे गाठीशी असलेले, संसारी आणि लेकुरवाळे लोकही दिसतात. त्यांना मिळणारी माहिती मात्र बहुधा बाविशीतल्या एकट्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिलेली असते. असा विद्यार्थी आधी विद्यापीठ ठरवतो, मग विद्यापीठाजवळ खोली शोधतो आणि उरलेल्या गोष्टी तिकडे गेल्यावर बघतो. मूल बरोबर असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. मुलाला दिवसभर कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे, त्यानुसार घर शोधावे, आणि विषय किती घ्यायचे हे सर्वांत शेवटी ठरवावे. हा क्रम चुकला की पहिले सत्र अभ्यासाऐवजी धावपळीत जाते.

शहर निवडताना

जर्मनीत पाळणाघर आणि बालवाडी या दोन्हींचे काम करणाऱ्या संस्थेला किटा म्हणतात. १ ऑगस्ट २०१३ पासून वयाचे एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा संस्थेत किंवा मान्यताप्राप्त सांभाळकर्तीकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणे आणि जागा हाती येणे यांत बरेच अंतर आहे. मोठ्या शहरांत जागा अपुऱ्या आहेत आणि महिनोन्‌महिने प्रतीक्षायादीत राहावे लागते. शुल्काचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून किटाचे शुल्क माफ असून जेवणापोटी दरमहा २३ युरो भरावे लागतात. हॅम्बर्गमध्ये रोजचे पाच तास विनामूल्य आहेत. दक्षिणेकडील राज्यांत मात्र बहुतेक ठिकाणी पालकांना शुल्क द्यावे लागते.

विद्यापीठाच्या शुल्काचेही तसेच आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून प्रतिसत्र १५०० युरो घेतले जातात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लागू केले आहे. दोन विद्यापीठांतून प्रवेश मिळाला असेल तर केवळ क्रमवारी न पाहता शुल्क, घरभाडे आणि किटाचा खर्च एकाच कागदावर मांडून निर्णय घ्यावा. माझे मत विचाराल तर लहान मूल असलेल्या विद्यार्थ्याला म्युनिकपेक्षा लाइपझिग किंवा माग्देबुर्ग अधिक मानवेल, मग घरच्यांना ती नावे ओळखीची नसली तरी चालेल.

प्रवेशपत्र हाती येताच विद्यापीठाच्या कुटुंबसेवा विभागाला आणि तेथील श्टुडिअरेंडनवेर्क या विद्यार्थी-कल्याण संस्थेला ईमेल करावा. वसतिगृहे आणि खानावळी चालवणारी ही संस्था अनेक शहरांत स्वतःच्या किटाही चालवते आणि त्यांत विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य असते. तिच्याकडे दोन-तीन खोल्यांची कौटुंबिक घरेही असतात. खुल्या बाजारातील घराला अनेकदा स्वयंपाकघराचा ओटा, सिंक आणि शेगडीसुद्धा नसते, त्यामुळे थोड्या वर्षांसाठी जाणाऱ्याला असे तयार घर मिळाले तर मोठा खर्च वाचतो.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. त्याशिवाय गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून एका विद्यार्थ्यासाठी ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. जोडीदार आणि मूल यांच्यासाठी वेगळी तरतूद दाखवावी लागते, तीही कुटुंबाला पुरेशा घराच्या पुराव्यासह. जोडीदाराला बहुतेक प्रकरणांत ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळीचे जर्मन येत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पुणे किंवा मुंबईच्या माक्स म्युलर भवनात ही परीक्षा देता येते, पण तारखा लवकर भरतात, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता वर्ग सुरू करावा. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला तेथे नोकरी करण्याची मुभा असते, आणि अनेक घरांचा जमाखर्च त्यावरच जुळतो.

एकच पालक मुलाला घेऊन जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र किंवा एकट्याकडे ताबा असल्याचा न्यायालयाचा आदेश लागतो. आपल्याकडे आणखी एक अडचण नेहमी येते. पारपत्रावर मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागलेले असते आणि आईने आडनाव बदललेले नसते. जर्मन कारकून छापलेले सगळे नाव जसेच्या तसे वाचतो, वडिलांचे नाव हे मुलाचेच दुसरे नाव समजतो आणि आईचे आडनाव वेगळे पाहून नाते सिद्ध करायला सांगतो. त्यासाठी दोन्ही पालकांची नावे असलेला, इंग्रजीतही छापलेला जन्मदाखला सतत जवळ ठेवावा, आणि तीनही पारपत्रांवरील स्पेलिंग जन्मदाखल्याशी व विवाहाच्या दाखल्याशी जुळते की नाही हे महापालिकेच्या कार्यालयात जाणे शक्य असतानाच तपासून घ्यावे.

लसीकरणाचे कार्ड पारपत्राइतकेच महत्त्वाचे आहे. १ मार्च २०२० पासून गोवरप्रतिबंधक लशीचा पुरावा असल्याखेरीज मुलाला किटात घेतले जात नाही. एक वर्षाच्या पुढे एक मात्रा आणि दोन वर्षांच्या पुढे दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस दिली जाते, तेव्हा प्रश्न बहुधा लशीचा नसतो, नोंदीचा असतो. डॉक्टरांनी घाईत केलेली, तारीख अर्धवट असलेली नोंद तेथे चालत नाही. लशीचे नाव, पूर्ण तारीख, सही आणि शिक्का असलेला इंग्रजी तक्ता आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावा.

विमा आणि तिशीचा प्रश्न

ही बाब कोरडी असली तरी तिच्यावर सगळा हिशेब अवलंबून आहे. जर्मनीत आरोग्यविमा सक्तीचा आहे. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीच्या दरात मिळतो आणि त्याच हप्त्यात मूल, तसेच उत्पन्न नसलेला जोडीदार, यांना वेगळा हप्ता न भरता संरक्षण मिळते. तिशी ओलांडलेल्याला ही सवलत नाही. त्याला बहुधा खासगी विमा घ्यावा लागतो आणि तेथे प्रत्येक माणसाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, स्वतंत्र हप्ता असतो. स्वस्त प्रवासी विमा काढून वेळ मारून नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण बालकाच्या नियमित तपासण्या, लशी आणि बाळंतपण त्यात सहसा येत नाहीत.

संशोधन करणाऱ्यांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. पीएचडीसाठी विद्यापीठाने अर्धवेळ का होईना, नोकरीचा करार दिला असेल, तर वय कितीही असले तरी सरकारी विम्यात प्रवेश मिळतो आणि कुटुंब त्यात सामावते. शिष्यवृत्तीवर असणाऱ्याला तो हक्क आपोआप मिळत नाही. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेसारखी संस्था दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्तीत कुटुंबासाठी भत्ता देते, म्हणून अर्ज करतानाच मुलाची माहिती लिहावी. मुलांसाठीचा सरकारी मासिक भत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, केवळ विद्यार्थी-परवान्यावर आणि नोकरीशिवाय मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तो धरू नये. पुढे आपली किंवा जोडीदाराची नोकरी सुरू झाली तर मात्र अर्ज करण्यात हयगय करू नये.

पहिला महिना

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरकार्यालयात सर्व कुटुंबाची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले, घर दिल्याचे पत्र लागते. बँक, विमा, किटाचा अर्ज, निवास परवाना या सगळ्यांना या नोंदणीचा कागद हवा असतो. म्हणून असे पत्र देण्यास नकार देणाऱ्या मालकाचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच काही आठवडे लागतात, तेव्हा विमानाचे तिकीट काढताच वेळ घेण्याच्या खटपटीला लागावे.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. जर्मनीत टपाल सदनिकेच्या क्रमांकावर येत नाही, ते पेटीवरच्या आडनावावर येते. इमारतीच्या दारात पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची चिठ्ठी असते आणि यादीत आपले आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड, करक्रमांक, परवान्याच्या भेटीची वेळ असे सर्व काही टपालाने येत असल्यामुळे घरात पाऊल ठेवल्याच्या दिवशीच पेटीवर आणि घंटीवर नाव लावावे. आई, वडील आणि मूल यांची आडनावे वेगळी असतील तर ती सगळी लावावीत. त्यानंतर दर घरटी दरमहा १८.३६ युरोंचे सार्वजनिक प्रसारण शुल्क मागणारे पत्र येते. घरात टीव्ही नाही म्हणून ते फाडून टाकू नये, कारण शुल्क घराला असते, टीव्हीला नसते.

नोंदणी झाल्यावर लगेच बालरोगतज्ज्ञ शोधावा. अनेक दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत, त्यामुळे मूल आजारी पडण्याची वाट न पाहता पाच-सहा ठिकाणी फोन करून ठेवावेत. ठरावीक वयात होणाऱ्या तपासण्यांची नोंद एका पिवळ्या वहीत केली जाते आणि किटात तिची चौकशी होते. तेथील डॉक्टर प्रतिजैविके सहज लिहून देत नाहीत, साध्या तापाला विश्रांती आणि भरपूर पाणी सांगून घरी पाठवतात. आपल्याकडच्या पालकांना हे हयगयीचे वाटते, पण थोडे थांबून पाहावे. दवाखाने बंद असताना ११६११७ या क्रमांकावर आणि जिवावरचे संकट असेल तर ११२ वर फोन करावा.

मुलाला किटात रुळवणे

या भागासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा, कारण बहुतेक मराठी पालकांची गणिते येथेच कोलमडतात. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारे मूल बाईंच्या हाती देऊन आईबाप मागच्या दाराने निघून जातात. जर्मनीत तसे चालत नाही. किटात मुलाला हळूहळू रुळवण्याची ठरलेली पद्धत असते आणि तिला साधारणपणे दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. पहिले काही दिवस पालक मुलासोबत तासभर वर्गातच बसतो. त्याने कोपऱ्यात शांत बसावे, स्वतःहून खेळायला बोलावू नये, पण मूल जवळ आले तर त्याला दूरही करू नये, अशी अपेक्षा असते. मोबाइल पाहत बसलेला पालक शिक्षिकेला आवडत नाही. मग एके दिवशी त्याला स्पष्टपणे निरोप घेऊन काही मिनिटे बाहेर जायला सांगतात. त्या वेळी मूल शिक्षिकेकडून समजूत काढून घेते का, हे पाहून पुढच्या दिवसाची वेळ ठरते. जेवणापर्यंत थांबणे आणि दुपारी तेथेच झोपणे हे त्यानंतरचे टप्पे. मराठीशिवाय काही न कळणाऱ्या मुलाला अधिक दिवस लागले तर घाई करू नये. पाणी, शू, भूक, झोप, दुखतंय अशा दहा-बारा शब्दांची यादी जर्मन अर्थासह रोमन लिपीत लिहून शिक्षिकेला द्यावी. मूल ‘मम्म’ म्हणत असेल आणि ते पाण्यासाठी की भातासाठी, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असेल, तर तेही लिहावे.

या काळात एक पालक पूर्ण मोकळा असावा लागतो. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, तर किटाचे वर्ष ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणून शक्य असेल तर ऑगस्टमध्येच पोहोचावे. आधी एकट्याने जाऊन घर शोधणे शहाणपणाचे आहे, पण मुलाला सबंध सत्र आजी-आजोबांकडे ठेवून मग बोलावण्याचा बेत सहसा जमत नाही, कारण व्हिसाला लागणारे महिने त्यात वाढतात आणि रुळवण्याचे आठवडे ऐन परीक्षेच्या तोंडावर येतात.

किटात जाताना घरातल्या सपाता, जास्तीच्या कपड्यांचा संच, फळांचा व पोळीचा डबा आणि रबरी बूट द्यावे लागतात. पावसातही मुलांना अंगणात नेतात, म्हणून चिखलात खेळण्याची जलरोधक विजारही लागते. या वस्तू नव्या घेऊ नयेत. मुलांच्या वापरलेल्या वस्तूंचे बाजार वसंतात आणि शरदात जवळजवळ प्रत्येक वस्तीत भरतात, आणि तेथे चांगल्या वस्तू फार थोड्या पैशांत मिळतात. आहाराबाबत ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगणे पुरत नाही. मांस, मासे, अंडी यांपैकी काय चालते आणि काय नाही, ते लेखी द्यावे. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या रंगीत चघळगोळ्यांत बहुधा प्राणिज जिलेटिन असते, ज्यांना ते चालत नाही त्यांनी तेही नमूद करावे.

मूल सहा वर्षांचे झाले की शाळा सक्तीची होते. घरी शिकवण्याची परवानगी नसते. सरकारी शाळा विनामूल्य आहे आणि जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी अनेक ठिकाणी वेगळे तयारीचे वर्ग असतात. शाळा बऱ्याचदा दुपारीच सुटते, म्हणून त्यानंतरच्या सांभाळासाठी होर्टचा अर्ज शाळेच्या अर्जाबरोबरच करावा. शाळा चालू असताना धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस मूल भारतात नेता येत नाही. विनापरवानगी नेल्यास दंड होतो. लग्नाची तारीख ठरवणाऱ्यांना हे वेळीच कळवलेले बरे.

अभ्यासाचे गणित

पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे चार सत्रांचा आणि १२० श्रेयांकांचा असतो, म्हणजे सत्राला ३०. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, त्यामुळे पूर्ण सत्राचे ७५० ते ९०० तास होतात. किटातून मूल दुपारी चारला आणायचे असेल तर हे तास भरणे अवघड आहे. त्यात पहिल्या हिवाळ्यात मुले सतत आजारी पडतात, आणि ताप उतरून एक दिवस जाईपर्यंत अनेक किटा मुलाला परत घेत नाहीत. पहिल्या सत्रात वीसच्या आसपास श्रेयांक घेणे मला रास्त वाटते. अभ्यास थोडा लांबला तरी प्रगती दाखवता आली तर परवाना वाढवून मिळू शकतो. मात्र प्रत्येक वाढीव सत्राचा खर्च पुन्हा दाखवावा लागतो, तेव्हा पैशांची तरतूद चारऐवजी पाच सत्रांची ठेवावी.

प्राध्यापकांना मूल असल्याचे पहिल्याच आठवड्यात सांगावे. त्यात कमीपणा नाही आणि तेथे तसे कोणी मानतही नाही. सायंकाळच्या तासाऐवजी सकाळचा गट, ग्रंथालयातील पालक-बालक खोली, परीक्षेच्या तारखेत बदल या सोयी मागितल्यावरच मिळतात. गर्भवती विद्यार्थिनींना २०१८ पासून प्रसूतीपूर्वी सहा आणि नंतर आठ आठवड्यांचे संरक्षण लागू आहे. एखादे सत्र रजेवर घालवायचे असेल तर विद्यापीठात अर्ज करण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला विचारावे, कारण रजेचा परिणाम परवान्यावर होऊ शकतो. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, ही मर्यादा मार्च २०२४ पासूनची आहे. मूल लहान असताना ती गाठण्याचा प्रयत्न करू नये.

आजी-आजोबांना बोलवायचे तर केव्हा, याचाही विचार करावा. पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. त्यांना सुरुवातीलाच बोलावले तर मूल आजीला सोडून किटात जायला तयार होत नाही आणि ते ९० दिवसही संपून जातात. उन्हाळी सत्राच्या परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये असतात, दिवस मोठे असतात, आजोबांना सायंकाळी नऊपर्यंत उजेडात फिरता येते. ती वेळ सर्वांच्या सोयीची. फेब्रुवारीतही परीक्षा असतात, पण त्या महिन्यात सातारच्या माणसाला तेथे बोलावणे म्हणजे त्याला घरात कोंडून ठेवणे होय.

परतीची तयारी

तेथे मूल जन्मले तर त्याच्या निवास परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, आणि बर्लिनचा भारतीय दूतावास किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बर्ग येथील वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत जन्मनोंदणी करावी. मोठ्या मुलाच्या मराठी वाचनाकडे दुसऱ्या वर्षापासून लक्ष द्यावे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची असल्यामुळे परत आल्यावर मुलाला ती टाळता येणार नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. रविवारी दुकाने बंद असतात, तो दिवस त्यासाठी चांगला. शाळा सोडताना गुणपत्रके आणि दाखला सहीशिक्क्यानिशी घेऊन त्यांचे इंग्रजी भाषांतर तेथेच करून घ्यावे.

घर सोडण्याची सूचना साधारणपणे तीन महिने आधी लेखी द्यावी लागते आणि किटाच्या करारालाही अशीच मुदत असते, म्हणून प्रबंध सादर करण्याची तारीख नक्की होताच दोन्ही पत्रे पाठवावीत. निघण्यापूर्वी आठवडाभरात नगरकार्यालयातील नोंद रद्द करून त्याचा कागद घ्यावा. विमा आणि इंटरनेटचे करार त्याच कागदाच्या आधारे बंद करावे लागतात. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते आणि ती परत मिळायला काही महिने लागतात, पाणी व तापनखर्चाचा हिशेब तर त्याहूनही उशिरा येतो. तोपर्यंत जर्मन बँकेतील खाते चालू ठेवावे आणि घरमालकाला भारतातील पत्ता लेखी देऊन ठेवावा.